तिच्या जागी सुपारी

मंगरूनं टेबलावर डबा ठेवला तेव्हा सुवार्ताचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लागलेला होता. काचेवरच्या रक्ताच्या ठिपक्याची एकसष्ट क्षेत्रं, भिंगाखाली एका वेळी दिसणारे गोल तुकडे, पाहून झाली होती. आकडा मनात धरून तिनं मान वर केली. मंगरू आलापल्लीच्या लाकूड डेपोतला शिपाई. महिन्यातून एकदा डेपोचं टपाल घेऊन गडचिरोलीला यायचा, आणि जाता जाता हिवताप कार्यालयात तिच्या नवऱ्याची चिठ्ठी, कधी पुडीभर चारोळी पोचती करायचा. आज चिठ्ठी नव्हती. "साहेबांनी दिला?" तिनं विचारलं. "नाई बाई, सायबाले तर मालूमच नाई. मीच म्हटलं, घरच्या लक्ष्मीलेच परसाद नाई पोचला त मंग काय मतलब. रेंजरसायबाच्या बाईनं भरून देल्ला." त्यानं झाकण काढलं. आत शिरा होता, वर केळ्याच्या काळपट पडलेल्या चकत्या. "कशाचा प्रसाद?" "घ्या. गुरवारी तुमच्या घरी सत्यनारायण नाई का झाला. समदा डेपो जेवला. तुमाले सुट्टी नाई भेटली म्हणून सायब लय हळहळत होते." तिला वाटलं, मंगरूची गफलत झाली, दुसऱ्या कुठल्या साहेबाचा डबा हा. पण डब्यावर कोरलेली अक्षरं तिच्याच लग्नातली होती. "ते स्वतः बसले पूजेला?" "मंग कोन बसन? एकटेच बसले. जोडीबिगर पूजा नाई होत म्हणून गुरुजीनं तुमच्या जागी कमरेले सुपारी खोचली." मंगरू हसला. "आमी म्हटलं, सायबाची बायको मोठी गुणाची. बोलत बी नाई, भांडत बी नाई." त्यानं चमचाभर शिरा पुढे केला आणि तिचा हात आपोआप पुढे गेला, उजवा, खाली डावा. लहानपणापासून शेजारच्यांच्या दारात असाच पुढे व्हायचा.

मंगरू गेल्यावरही शिरा तळहातावर तसाच होता. तूप गार होऊन रेषांमध्ये उतरत होतं. अन्न टाकायचं नाही हे तिच्या हाडात होतं, आणि ख्रिस्ती घरात पूजेचं खायचं नाही हेही. या दोन गोष्टी एकाच वेळी तळहातावर आल्या तर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी तिनं तो परत डब्यात ठेवला, हात धुतला, बोटांचा तेलकटपणा जाईना म्हणून पुन्हा धुतला, आणि काचेकडे वळली. आकडा हरवला होता. एकसष्ट की एकाहत्तर? शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय काचेवर 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, हा नियम. तिच्या हाताखालची मुलं वीस-पंचवीस पाहून लिहून टाकत, आणि ती त्यांना म्हणायची, पंचविसात दिसलं नाही म्हणजे नाही असं नसतं, तुम्ही पाहिलं नाही एवढंच. तिनं पहिल्यापासून मोजायला घेतलं. एटापल्लीच्या पलीकडच्या कुठल्याशा पाड्यावरचं हे रक्त दोन आठवडे प्रवास करून आलं होतं. त्र्याहत्तराव्या क्षेत्रात बारीक अंगठी दिसली, एका बाजूला लाल ठिपका असलेली, हिवतापाचा जंतू. तिनं नोंद केली. मग आपल्या नवऱ्याची, रत्नाकरची, किती क्षेत्रं आपण पाहिली, असा प्रश्न मनात आला, तेव्हा तिला स्वतःचा राग आला. माणूस म्हणजे काच नव्हे. आणि तरी प्रश्न हलेना.

एक्क्याऐंशी साली चंद्रपूरच्या देवळात, मिशनच्या चर्चमध्ये, लग्न झालं तेव्हा रत्नाकर वन खात्यात नुकताच लागला होता. त्याचे वडील शांतवन थोरात मिशनचे प्रचारक, सायकलच्या दांडीवर औषधाची पेटी बांधून मूल आणि सावली या गावांपर्यंत फिरलेले. दुष्काळाच्या वर्षी मिशननं दुधाची पावडर वाटली आणि तेव्हापासून शाळेतली पोरं रत्नाकरला 'मिल्क पावडर' म्हणू लागली. मॅट्रिकपर्यंत म्हणत होती. लग्नाआधी पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा त्यानं हे सांगितलं, हसत हसत, फळ्याकडे जाताना मागून कुणीतरी डबा हलवल्याचा आवाज कसा काढायचं ते तोंडानं करून दाखवत. तीही हसली होती. तिलाही शाळेत बोलणी बसली होती, पण ती गोष्ट तिला कधी हसून सांगता आली नव्हती, आणि त्याला येते म्हणजे त्यानं ती पचवली, असं तिला वाटलं. आता वाटत होतं, त्या हसण्याकडे जरा थांबून पाहायला हवं होतं. सावलीचे सोमाजीकाका त्या लग्नाला आले होते. ते तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. त्याच्या आधीच वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर लागून ख्रिस्ती झाले होते. एका घराचे दोन रस्ते, पण दोघांच्याही घरात कुणी कुजबुजत नसे. मांडवात काकांनी रत्नाकरच्या खांद्यावर हात ठेवला होता. "जावाईबापू, आमी भर मैदानात सांगतलं आमी कोन ते. तुमचा येशू तुमाले. पन सांगाले लाजू नका. लपून कोनाचा देव मोठा होत नाई." रत्नाकर वाकून पाया पडला होता. सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

टेबलाच्या खणात बदलीचा हुकूम होता. वर्षभर अर्ज केल्यावर दोन आठवड्यांपूर्वी आला होता. एक फेब्रुवारीपासून आलापल्लीला रुजू व्हायचं. रत्नाकरला कळवलं होतं, त्याचं उत्तर आलं नव्हतं. आता ते का आलं नाही हे तिला समजत होतं, हळूहळू, काचेवर रंग चढावा तसं. शनिवारी अर्धा दिवस काम करून ती एस. टी.त बसली. आलापल्लीला ती पहिल्यांदाच निघाली होती, एरवी सुटीला तोच गडचिरोलीला यायचा. चामोर्शी गेलं, आष्टी गेलं, वैनगंगेचं पात्र थंडीत बारीक झालेलं, मग सागवान सुरू झालं. पानं गळायला लागलेली, उभ्या खोडांच्या मागे उभी खोडं. तिनं स्वतःशी सगळ्या शक्यता मांडल्या. वरच्या साहेबांनी जबरदस्ती केली असेल. डेपोत अपघात झाला असेल, मजूर घाबरले असतील, त्यांच्या समाधानासाठी पूजा मांडावी लागली असेल. एकदाच झालं असेल. प्रत्येक शक्यतेला ती प्रामाणिकपणे थोडा वेळ देत होती. डबा तिच्या पिशवीत होता, घासलेला. शिरा तिनं कार्यालयाच्या मागे कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवला होता, आणि मुंग्यांची रांग लागेपर्यंत तिथंच उभी राहिली होती.

रत्नाकर घरी नव्हता. शेजारच्या क्वार्टरातल्या अंजनाबाईंनी किल्ली दिली. "आल्या का सुवर्णाताई. किती वाट पायली तुमची." सुवर्णाताई. तिनं किल्ली घेतली. आत देव्हारा होता, छोटा, सागाचा, डेपोतल्याच कुणी सुताराकडून करून घेतलेला. त्यात राम, गणपती, समईत कालची वात. भिंतीवर कॅलेंडर. तिनं खोलीभर एकदा पाहिलं आणि मग कॉटखालची ट्रंक ओढली. सासऱ्यांनी स्वतः तासलेला शिसवीचा क्रूस ती शोधत होती. रत्नाकर इथं निघाला तेव्हा तिनंच त्याच्या सामानात ठेवला होता. स्वेटरांच्या खाली सापडला. चंद्रपूरच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळी तिनं मारलेली, गाठ तिची. वर्तमानपत्रावरची तारीख तिनं वाचली. नोव्हेंबर चौऱ्याऐंशी. चौदा महिने. म्हणजे लावून मग उतरवला असं नव्हतं. इथं आल्यावर कुणी काही बोललं, घाबरून त्यानं लपवला, असंही नव्हतं. तो कधी बाहेर निघालाच नव्हता. बसमध्ये जपून मांडलेल्या सगळ्या शक्यता त्या गाठीपाशी संपल्या. तो बसस्टँडवर सूटकेस घेऊन उभा होता, तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली होती, त्यानं आमेन म्हटलं होतं, आणि त्या आमेनच्या आधीच त्याचं सगळं ठरलेलं होतं.

दिवेलागणीला तो आला. तिला पाहून आधी आनंदला, खरंच आनंदला, ते तिनं नीट पाहिलं. मग त्याची नजर कॉटवरच्या पुडक्याकडे गेली. "मंगरू बोलला वाटतं," तो म्हणाला. चपला काढून कोपऱ्यात नीट लावल्या. "मी तुला सांगणारच होतो. पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं." "कधीपासून?" "पहिल्या दिवसापासून. रेंजर साहेबांनी विचारलं, थोरात म्हणजे कुठले? मी म्हटलं, नगरकडचे. ते म्हणाले, मग मराठा. मी गप्प राहिलो. बस, एवढंच. मी खोटं बोललो नाही, सुवार्ता. ते आपलं आपण पुढं जात गेलं." "आणि सुवर्णा?" तो थोडा लाजला. "लग्नात नाव बदलतात ना. तुझं खरं नाव थेट बायबलातलं, ते सांगितलं असतं तर त्यात सगळंच आलं." तिनं विचारलं, मामंजींचं नाव काय सांगितलंस? त्यानं कंदिलाची वात खाली-वर केली. मग म्हणाला, "शांताराम." खोलीत रॉकेलचा वास होता. सासरे या वेळी चंद्रपूरच्या घरात जाड भिंगांचा चष्मा लावून पवित्र शास्त्र वाचत बसलेले असणार, आणि त्यांच्या मुलानं त्यांना दोन अक्षरांच्या फरकानं पुसून टाकलेलं त्यांना माहीतही नसणार. "तुला नाही कळायचं," रत्नाकर म्हणाला. "तू आपली काचांमध्ये. इथं रोज माणसांत बसावं लागतं. पहिल्यांदा आयुष्यात मला कुणी ताटात आपलं म्हणून वाढलं. शिवरात्रीच्या समितीवर घेतलंय. मागून डबा वाजत नाही." हे तो हसून बोलला नाही. तिला त्याची कीव आली आणि त्या किवेनं ती अधिकच एकटी झाली, कारण रागाला धरून उभं राहता आलं असतं. "मी कुठं म्हणतो सोडून दे," तो सांगत होता. "घरात कर की प्रार्थना. दार लावून. मी पण करतो मनात. पूजेलासुद्धा मी मनात आपल्याच देवाचं नाव घेत होतो." तिला ते सगळ्यात वाईट वाटलं. समोर बसलेला तो गुरुजी मनापासून मंत्र म्हणत असेल. जेवलेल्या माणसांनी मनापासून हात जोडले असतील. तेही फसले होते. "उद्या रेंजरबाई येणार आहेत, हळदीकुंकवाचं बोलवायला," रत्नाकर म्हणाला. "तू फक्त काही बोलू नकोस. मी तुझ्या पाया पडतो." ती म्हणाली, "विचारलं तर मी माझं सांगेन. तुझं मी सांगणार नाही." "तुझं सांगितलंस की माझं आलंच." लाजायचं नाही एवढंच तिला शिकवलेलं होतं. आपलं न लाजणं दुसऱ्याला उघडं पाडत असेल तर काय करायचं, ते तिच्या वडिलांनी सांगितलं नव्हतं, काकांनीही नाही. त्यांच्या घरी सगळे एकदमच उघडे होते.

रविवारी सकाळी रेंजरबाई आल्या, बरोबर अंजनाबाई. दोघीही नव्या लुगड्यात, हातात कुंकवाचा करंडा आणि वाटीत तीळगूळ. थट्टा करतच त्या आत आल्या. "पायलं का, सुपारीले पाय फुटले," अंजनाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या, सुवार्ताच्याही ओठांवर हसू आलं, कारण ती बाई चांगली होती. रेंजरबाईंनी करंडा उघडला, बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे नेलं. आता नुसतं स्थिर राहिलं की झालं. एक ठिपका, बोटाएवढा, पाण्यानं धुता येणारा. सुवार्तानं त्यांचं मनगट हलकेच धरलं. "ताई, राग मानू नका. मी ख्रिस्ती आहे. कुंकू नाही लावत. बसा ना, चहा ठेवते." बोट हवेत राहिलं. रेंजरबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या रत्नाकरकडे. "अन् भाऊ?" त्यांनी विचारलं. सुवार्ता म्हणाली, "त्यांचं त्यांना विचारा." तिला दिसत होतं की रत्नाकरला आत्ता खरं बोलता येईल. तिनं त्याच्याकडे कधी इतकं काही मागितलं नव्हतं. त्यानं भिंतीला टेकवलेला हात काढला. "ती आहे तशी," तो म्हणाला. आवाज हळू आणि गोड होता. "माहेरचं आहे तिचं. लग्नाआधीच मला माहीत होतं. मी म्हटलं, ज्याची त्याची श्रद्धा. मी कधी आडकाठी केली नाही." अंजनाबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "मोठं मन हाय जी भाऊचं. आमच्या मालकायनं त घरात घेतलं नसतं." रेंजरबाईंनी बोट पदराला पुसलं, तीळगूळ मात्र सुवार्ताच्या हातावर ठेवला. "हे तर चालते न? गोडच हाय." "चालतं," ती म्हणाली आणि खाल्ला. चहा झाला. जाताना अंजनाबाई दाराशी थांबून दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यातले इथी बी हायेत ताई. आरा मशीनच्या मांगं, तेलंगी लोक. आयतवारी गाणे म्हणत रायते." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की जणू आजाऱ्याला वैद्याचा पत्ता देत होत्या.

त्या गेल्यावर रत्नाकर कॉटवर बसला. "बघ, मिटलं," तो म्हणाला. "तुझं तू सांगितलंस, माझंही राहिलं. आता तू खुशाल देवळात जा, कुणी काही म्हणणार नाही." त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती, परीक्षा देऊन बाहेर आलेल्या पोरासारखी. ती त्याच्याकडे पाहत राहिली. पाच वर्षं या चेहऱ्याशेजारी ती देवळातल्या बाकावर बसली होती. नाकारायला त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं, कुणी दरडावलं नव्हतं. समोर तीळगूळ घेऊन दोन भल्या बायका उभ्या होत्या. तिनं पदर सारखा केला आणि ती घराबाहेर पडली.

आरा मशीनच्या मागे साल आणि भुशाचे ढीग होते, आणि त्यांच्या पलीकडे पत्र्याची एक शेड. पंधरा-वीस माणसं चटईवर बसली होती. ती शेवटच्या ओळीत बसली. गाणं तेलुगूत होतं, तिला एक नाव सोडून काही कळलं नाही. आरतीसारख्या चालीवर बायका टाळ्या वाजवत होत्या, एकीच्या मांडीवर ताप आलेलं मूल होतं आणि सुवार्ताची नजर सवयीनं त्याच्या पापण्यांखाली फिक्कटपणा शोधत होती. सभा संपल्यावर ओंडके चढवणाऱ्याच्या खांद्याचा एक म्हातारा पुढे आला. त्याचं नाव पोचू, सिरोंच्याकडचा, डेपोत मजूर. "अम्मा कुठून?" तिनं सांगितलं, गडचिरोलीहून, आता इथंच बदली झालीय, डेपोतले हेडक्लार्क थोरात माझे मिस्टर. पोचूनं मागे आपल्या बायकोकडे पाहिलं, तिनं खाली. "सायबाले आमी वळखतो," तो म्हणाला. "पयल्या महिन्यात आले होते. तिकडं, दाराजवळ बसले. दोन गाने झाले, मंग उठून गेले." "मग परत नाही आले?" "नाई. दुसऱ्या दिवशी डेपोत हाजरीले नाव पुकारलं सायबानं. पोचू पेंटा. मी वंदनालु बोललो. आमच्या येशूच्या लोकायत नमस्काराले तसंच बोलतात. सायबानं वर नाई पायलं. मले समजलं." त्यानं हाताच्या भेगांतला भुसा चोळून काढला. "मंग मी समद्याइले सांगून देल्लं. सायबाची अडचन हाय. रस्त्यात भेटले तर वळख दाखवू नका. आमी साल झालं, नाई दाखवत. माजी बाई तर दिसले का तोंड फिरवून उभी राहते." त्याची बायको हसली, तोंडावर पदर धरून, जणू तिच्या एखाद्या कसबाचं कौतुक झालं होतं. "रोज परार्थना करतो आमी सायबासाठी. नाव नाई घेत. कोनी आयकन."

ही माणसं, ज्यांची हजेरी तो रोज घेत होता, वर्षभर त्याच्यासाठी तोंड फिरवत होती. त्याची लाज त्यांनी आपल्या अंगावर वाटून घेतली होती, वाटून घेताना थोडं स्वतःलाही लपवलं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं. पोचू पाय बदलत उभा होता, त्याला काहीतरी विचारायचं होतं. "अम्मा," तो शेवटी म्हणाला, "तुमचं कसं करायचं? रस्त्यात भेटल्या तर वळख द्यायची का नाई?" त्यात टोमणा नव्हता. ओंडका कुठल्या थप्पीला लावायचा, असं विचारावं तसं त्यानं विचारलं. ती म्हणाली, "द्या. मोठ्यानं द्या." मग थोडं थांबून, "माझ्याबरोबर कुणीही असलं तरी."

दुपारच्या बसला पोचवायला रत्नाकर आला. तिनं नको म्हटलं होतं, पण बायकोला एकटी सोडली असं दिसायला नको म्हणून आला, तिची पिशवी हातात घेऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिलावाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, प्रत्येकावर हातोड्याचा छाप. तो बदलीबद्दल बोलत होता, क्वार्टरला एक खोली कमी पडेल, मागे पडवी काढून घेऊ. ती ऐकत होती. पहिल्या तारखेला रुजू व्हायचंच होतं. त्या घरात राहायचं की अंजनाबाईंच्या ओळखीनं दुसरी खोली पाहायची, ते तिचं ठरलं नव्हतं. समोरून आरा मशीनकडची माणसं बाजाराला निघाली होती, सात-आठ जण, त्यांत पोचू आणि त्याची बायको. थोरात साहेबांना पाहताच सगळ्यांच्या माना एकदम ओंडक्यांकडे वळल्या, इतक्या सरावानं की रत्नाकरचं बोलणं एका शब्दापुरतंही अडखळलं नाही. पोचूच्या बायकोनं तर पाठच केली. माणसं शेजारून जाऊ लागली. मग पोचू थांबला. त्यानं डोक्याचा रुमाल काढला. मान वळवताना त्याला कष्ट पडले, तिला ते दिसलं.

"वंदनालु, अम्मा."

रस्ताभर ऐकू जाईल असा आवाज. चहाच्या टपरीवरची दोन डोकी वर झाली. रत्नाकरची पावलं थांबली, आणि त्याच्या हातातली पिशवी हळूच तिच्या आणि त्याच्यामध्ये आली.

"वंदनालु," सुवार्ता म्हणाली. तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली, आणि थांबून पोचूच्या बायकोला शेडमधल्या त्या मुलाचा ताप उतरला का ते विचारू लागली.